सिस्टरांचा दुसरा ठराव

सिस्टर रोझलीन यांची माझी पहिली भेट दिग्रसजवळच्या एका गावी झाली. मी तिथे ग्रामसेवक होतो. कॉलेजच्या जागेसाठी त्यांना ग्रामसभेचा ठराव हवा होता. ही जागा हुकली तर कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ, असे त्यांच्या मिशनच्या वरिष्ठांनी कळवले होते. पांढरी साडी आणि ‘सिस्टर’ हे नाव, एवढ्यावरून गावाने दवाखाना येतोय असे ठरवून टाकले. आमच्याकडे सिस्टर म्हणजे इंजेक्शन देणारी बाई. ठराव मी नेहमीच्या वेगाने, म्हणजे कुणाला कळू नये असा वाचला आणि तो एकमताने मंजूर झाला.

सभेनंतर बंजारा तांड्यावरच्या शेवंताबाईंनी विचारले, “सिस्टर, सुई कोन्त्या वारी देसान?”

सिस्टरांच्या सारे लक्षात आले. मी हळूच म्हणालो, “सह्या झाल्यात. आता काही बोलू नका.”

“नाही हो भाऊ,” त्या म्हणाल्या, “सभा परत बोलवा.”

मला त्यांचा रागच आला. दुसऱ्या सभेत त्यांनी हात जोडून सांगितले, “दवाखाना नाही, कॉलेज काढणार आहे. नको असेल तर मी परत जाते.”

सभेत चुळबुळ सुरू झाली. दोघेतिघे उठूनही गेले. मग शेवंताबाई म्हणाल्या, “मंग आमच्या पोरीयलेच नर्स करा न इथं! बाहेरून कायले आनता?”

परिचारिका अभ्यासक्रम सिस्टरांच्या आराखड्यात नव्हताच. त्यांनी तिथेच होकार दिला आणि ठराव पुन्हा, या वेळी सगळ्यांना समजून, मंजूर झाला. पहिली तुकडी नर्सिंगचीच निघाली आणि पुढे त्या कॉलेजचे विद्यापीठ झाले.

सिस्टर शेवंताबाईंकडून तांड्याची गोरबोली शिकल्या. उच्चार अजून वाईटच आहेत, मुली तोंडावर हसतात, तरी त्या बोलायच्या थांबत नाहीत. निवृत्तीनंतर मी घरात नुसता बसून असायचो, तेव्हा त्या स्वतः आल्या आणि मला विद्यापीठाच्या कार्यालयात कामाला घेऊन गेल्या. तो आधार मी विसरणार नाही.

मी त्यांना गप्प राहायला सांगितले होते, हे सिस्टरांनी आजवर कुणालाही कळू दिलेले नाही. उलट दर वर्धापनदिनी “ठराव यांनी करून दिला” म्हणत त्या माझ्याच गळ्यात हार घालतात. मी मान खाली घालून तो घेतो.

सिस्टर, आज तुमच्या पंचाहत्तरीला हे लिहून मोकळा झालो. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. यंदाचा हार मात्र मी घेणार नाही. तो मला तुमच्या गळ्यात घालू द्या.