खोट एडक्याची की मेंढीची

लेक विहिरीच्या कठड्यावर उभी होती. मेंढ्या तिला उडी मार म्हणत होत्या. मेंढ्या विकून आम्हाला सहा वर्षं झाली होती.

"मेंढ्यांचं ऐकायलीस, मायचं कामून ऐकत न्हाईस?"

"त्या लई जणी हायत."

"मेंढरं एकामागं एक जातात. पहिली कोण उडी मारायली, विचार त्यांना."

विचारायला ती मागं वळली आणि मी तिची वेणी धरून ओढली. ती माझ्या अंगावर पडली, माझे दोन दात गेले.

तेव्हा ती वीस वर्षांची होती. लहानपणी हृदयाला भोक होतं, ते शिवलं होतं. बोलायची माझ्यासारखीच, गेंगाणी.

बिदरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तपासणीला हैदराबादला धाडलं. तोवर घरात भांडण. कोकरात खोट निघाली की आमच्यात पहिल्यांदा एडका बघतात, ते कोकरू ज्या नराचं तो. म्हणून मी नवऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. त्याचा एक चुलता बाभळीशी गप्पा मारायचा, ते गावभर सांगितलं.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी तिघांचंही रक्त घेतलं. पुढच्या खेपेला म्हणाल्या, लेकीच्या बावीस नंबरच्या गुणसूत्राचा बारीक तुकडा जन्मापासूनच नाही. हृदयाचं भोक आणि गेंगाणं बोलणं त्यामुळंच, असे आवाज ऐकू येण्याचा धोकाही त्यानं वाढतो. तोच तुकडा माझाही नाही.

नवरा तिथंच हसायला लागला. "आता मेंढी बघ की."

मी बाईंना विचारलं, "मग मला कामून मेंढ्या बोलत न्हाईत?"

त्यांनी सांगितलं, तुकडा नसलेल्या सगळ्यांनाच हा आजार होत नाही. बाकीच्या गुणसूत्रांवर बारीक बारीक फरक असतात. एकेकटा फरक फारसं काही करत नाही, पण पुष्कळ जमले की धोका वाढतो. लेकीत ते जास्त जमले असतील, नक्की सांगता येत नाही. मी मनात म्हटलं, घोंगडीचं असंच. एक धागा गेला म्हणून ती फाटतेच असं नाही, बाकीची वीण कशी आहे ते बघावं लागतं.

"हे फरक बापाकडून पण येतात?"

"दोघांकडून येतात."

नवऱ्याचं हसू थांबलं. परतीच्या बसमध्ये मी पुन्हा बाभळीवाला चुलता काढला, त्यानं माझं गेंगाणं बोलणं काढलं. लेक मधे बसली होती.

"मेंढ्या काय म्हणायल्यात गं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही दोघं गप्प बसा म्हणायल्यात."

नवरा पुढं चार वर्षांनी गेला. लेक गोळ्या घेते, भाकरी माझ्यापेक्षा बरी थापते. त्या दिवशी विहिरीवर आम्ही दोघी होतो. दोघी अजून आहोत.