भरपाईची फेरी

मी भांडखोर बाई आहे. हे माझे नवरोजी लग्न झाल्यापासून सांगत आले आहेत आणि नव्वदच्या दशकात सांगलीत आमच्या अख्ख्या कॉलनीनं ते मान्य केलं होतं. तेव्हा ग्राहक मंचाचं नवंनवं कौतुक होतं. गळका मिक्सर, आकसलेलं ब्लाउजपीस, लग्नात आयत्या वेळी दगा देणारा मंडपवाला, असली प्रकरणं लोक माझ्याकडे घेऊन यायचे. मी शाळेत मराठी शिकवायची. अर्ज असा लिहायची की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळावं. मिक्सरवाला तर नवा मिक्सर घेऊन स्वतः दारात आला होता. फार गर्व होता मला या गोष्टीचा, खोटं कशाला बोलू!

अशाच एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कॉलनीतले अठरा जण मिनीबस करून साताऱ्याला गेलो. तिथून कास पठारावरून बामणोलीला. कोयनेच्या धरणाचं पाणी तिथवर पसरलंय, आणि एका लाँचमालकाची जाहिरात आमच्या हाती लागली होती. छापलं होतं, 'क्रूझचा शाही आनंद! दोन तास जलविहार, सोबत चहा, कांदाभजी आणि मधुर संगीत.' क्रूझ म्हणजे काय ते आमच्यातल्या एकानंही पाहिलेलं नव्हतं, पण शब्द वाचूनच आमच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या.

धक्क्यावर पाहतो तर पत्र्याचं छत, लाकडी बाकं आणि डिझेलचा वास. म्हणे क्रूझ! मी तोंड उघडणार होते, पण नवरोजींनी कोपर मारलं. लाँच चालवणारा साठीला टेकलेला, काटक माणूस होता. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. एकेकाला हात धरून आत घेताना तो मोजत होता. शेवटचे आमचे तहसीलदार काका. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी काकांचा आवाज अजून कचेरीतच होता. अठरा झाले, तशी लाँच निघाली.

भजी गरम होती, एवढं कबूल करते. पाणी काठोकाठ, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, पोरं खूश. अर्धा तास गेला असेल. बरोबर मधोमध आल्यावर त्या माणसानं इंजिन बंद केलं. टेप बंद केला. पायातल्या वहाणा काढल्या, खोबऱ्याचा एक तुकडा पाण्यात सोडला आणि वल्हं हातात घेऊन लाँच हळूहळू पुढं ढकलायला लागला.

"काय झालं हो?" काकांनी विचारलं.

"काय न्हाई सायेब. खाली आमचं गाव हाय. धरनात गेलं. देव आमी वर डोंगरावर आनला, पन भैरोबाची जागा खालीच ऱ्हायली. देवाच्या डोसक्यावरनं इंजान गरजत न्यायचं न्हाई, आसं हाय आमच्यात. चार वल्ही मारली की लगीच चालू करतो."

मला ते आवडलं. खरंच आवडलं. पण चार वल्ही मारून झाली, त्यानं बटण दाबलं आणि इंजिन काही बोलेना. पुन्हा दाबलं. मग हँडल घालून फिरवलं, घामानं निथळला. इंजिन ढिम्म!

आणि मग आमच्या शाही प्रवाशांची खरी जात दिसायला लागली. आधी थट्टा, मग कुरकुर, मग आरडाओरडा. एकीच्या साडीला डिझेल लागलं. एकाला मिनीबसच्या थांबण्याचं जादा भाडं दिसायला लागलं. काका म्हणाले, "चालतं इंजिन बंद करणारा हा कोण शहाणा? हा सरळसरळ निष्काळजीपणा आहे!" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून वही काढली. अगं बाई, काय तो माझा उत्साह!

तो माणूस मात्र एका शब्दानं उलटला नाही. वारा उलटा होता. त्यानं वल्हं घेतलं आणि उभा राहून लाँच ओढायला लागला. अठरा माणसांची लाँच, एक म्हातारा आणि एक वल्हं! पाऊण तास झाला तेव्हा माझ्या नवरोजींना शरम वाटली. दुसरं वल्हं घेऊन ते उभे राहिले आणि दहा मिनिटांत हातांना फोड आणून बसले. तो थांबला नाही. मधूनच म्हणायचा, "पोरांस्नी पानी द्या. भ्यायचं न्हाई. बुडत न्हाई आपन, नुसता उशीर व्हतोय." पोरं खरंच भ्यायली नाहीत. वहीत निष्काळजीपणाची कलमं लिहिता लिहिता मी त्याच्या पाठीकडे पाहत होते. सदरा पाठीला चिकटला होता आणि वल्ह्याचा ठेका एकदाही चुकत नव्हता. असा कष्टाचा माणूस मी आजतागायत पाहिलेला नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा, उशीर पाहून मालकानं पाठवलेली दुसरी लाँच दिसली. तिनं आम्हाला ओढत धक्क्याला आणलं.

मालक धक्क्यावरच उभा होता. माझ्या हातातली वही पाहून त्यानं ओळखलं की ही बाई काही साधी नव्हे. लगेच गोड बोलायला लागला, "ताई, यंत्र आहे, बिघडतं. त्याला कोण काय करणार?" मग म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला, "काय रं, तापून बंद पडलं न्हवं आपोआप?"

त्यात मेख होती, ती मला कळली. इंजिन आपोआप बंद पडलं असेल तर तो अपघात, आमची भरपाई संपली. चालवणाऱ्यानं बंद केलं असेल तर चूक मालकाच्या माणसाची, मग पैसे परत आणि वर मनस्तापाचे वेगळे. म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली असती तरी त्याची नोकरी वाचली असती.

"न्हाई," तो म्हणाला. "आपोआप न्हाई. म्या बंद केलं."

"आरं, नीट आठव की!"

"आठवायचं काय त्यात? देवासाठनं बंद केलं आन देवाच्याच दारात खोटं बोलू व्हय?"

मालकाचा पारा चढला. "दहा येळा सांगितलंय तुला, हे खूळ सोड म्हनून! उद्यापास्नं येऊ नको."

म्हाताऱ्यानं "बरं" म्हटलं. नुसतं "बरं". आणि लाँचमधली आमची राहिलेली पिशवी आणून माझ्या हातात दिली.

भरपाई तर मिळाली होती, अगदी हातात आली होती. पण ज्याच्या खरेपणामुळे ती मिळाली, त्याच्याच पोटावर पाय येत होता. मला राग आला. राग आला की मला सुचतं.

मी मालकाला म्हटलं, "भरपाई काय ते आम्ही ठरवायचं ना? मग ऐका. पैसे नकोत. आम्हा अठरा जणांना पुन्हा एकदा हीच फेरी, फुकट. हीच लाँच आणि चालवायला हाच माणूस. मधे इंजिन बंद करण्याला आमची लेखी संमती. आणि आमची फेरी होईपर्यंत याला कामावरून काढायचं नाही. नाहीतर चला मंचात!"

मालकानं मान डोलावली आणि मी वहीच्या पानावर तसा करार लिहिला. सगळ्यांत आधी सही केली ती काकांनी. सही करताना माझ्या कानाशी म्हणाले, "मास्तरीणबाई, तारीख घालू नका बरं का!"

मी तारीख घातली नाही. तीच तर गंमत होती. फेरी बाकी असेपर्यंत नोकरी पक्की! पुढं दरवर्षी दिवाळीआधी मालकाचं पत्र यायचं, "आपली फेरी घेऊन जावी." आणि मी उलट टपाली कळवायची, यंदा कॉलनीत बारसं आहे. यंदा परीक्षा आहेत. यंदा काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. पत्र आलं की आम्ही कट्ट्यावर बसून काय हसायचो! काका नवनवी कारणं सुचवायचे, त्यात त्यांची सगळी कचेरीतली विद्या कामी यायची. पाच वर्षं आम्ही त्या माणसाची नोकरी राखली, असं मी ज्याला त्याला सांगत सुटले होते.

पाचव्या वर्षी मालकाच्या पत्राऐवजी एक कार्ड आलं. अक्षर शाळकरी मुलीचं, लाँच चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं नातीकडून लिहून घेतलेलं. 'बाईस्नी नमस्कार. डोळ्यानं कमी दिसतंय. दोन वर्सं झाली, पोरगा म्हनतोय घरी बसा. पन तुमची फेरी माज्याकडं ऱ्हायली हाय. ती दिल्याबिगर लाँच कशी सोडू? सवड काढून या.'

मी ते कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आम्ही त्याला राखत होतो म्हणे! तो आमच्यासाठी थांबला होता. दोन वर्षं, अधू डोळ्यांनी, आमच्या थापा खऱ्या मानून. बारसं, परीक्षा, सगळं खरं मानून.

आठवड्याभरात मी सगळ्यांना गोळा केलं. कुणी पुण्याला गेलेलं, कुणी कोल्हापूरला. एक पठ्ठ्या मला शिव्या घालत नागपूरहून आला. पण बोलावलेले सगळे आले. म्हाताऱ्यानं पूर्वीसारखं एकेकाला हात धरून आत घेतलं. मधोमध इंजिन बंद झालं तेव्हा कुणाला काही सांगावं लागलं नाही. चार वल्ही मारल्यावर ते पहिल्या फटक्याला सुरू झालं, तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता मिसरूड फुटलं होतं त्या पोरांना.

परत धक्क्याला लागलो. चढताना गडबडीत राहिलं, म्हणून उतरताना तो मोजत होता. मी सगळ्यांच्या शेवटी.

"सतरा," तो म्हणाला. "बाई, एक कमी हाय. ते मोठ्या आवाजाचं सायेब कुठं हायत?"

"काका गेले हो. गेल्या श्रावणात."

त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाला, "मग त्यांची ऱ्हायली की."

तारीख न घालणारी मीच होते.

"कुठं बसल्यालं ते?" त्यानं विचारलं.

मी बोटानं दाखवलं. पुढचं बाक, डावीकडची कड.

त्यानं खांद्यावरचा पंचा काढून ती जागा पुसली, दोर सोडला आणि लाँच पुन्हा पाण्यात घातली.