आप्पा, आकडा सांगा

बारावीनंतर शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला, तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता. तळेगावच्या नेटकॅफेवाल्याने मोबाईल नंबर विचारला आणि मी वडिलांचा, आप्पांचा, सांगितला. आमच्याकडे मुलीचा नंबर म्हणजे बापाचाच नंबर. पुढे ईमेल, कॉलेजचं पोर्टल, मी बनवलेल्या वेबसाइट ठेवायची जागा, सगळं त्याच नंबरवर उघडत गेलं. मला फोन मिळाला तरी नंबर बदलायचा राहून गेला.

त्यामुळे लॅबमध्ये कुठलंही खातं उघडायचं, तर ओटीपी जायचा तळेगावबाहेरच्या आमच्या वस्तीवर, आप्पांच्या खिशात. मी फोन करून म्हणायचे, "आप्पा, आकडा सांगा." आप्पांचं लहानपण मेंढरांमागे गेलेलं, शाळा जेमतेम. ते एकेक आकडा सुटा वाचायचे आणि मग सगळा पुन्हा म्हणायचे, एखादं मेंढरू मागं राहिलं का बघावं तसं. त्यानंतर ठरलेले दोन प्रश्न.

"मिळाला का? जेवली का?"

मी हो म्हटलं की फोन बंद. बाकी लाडाचं काही बोलायची त्यांना लाज वाटायची. आणि मी तरी कुठे मोठी बोलकी होते, त्यांचीच मुलगी.

दुसऱ्या वर्षी सायबर सिक्युरिटी हा विषय आला. सरांनी पहिल्याच तासाला बजावलं, ओटीपी सख्ख्या बापालाही सांगायचा नाही. मी उठून म्हणाले की सर, माझा तर बापच मला सांगतो. वर्ग खो खो हसला. सरही हसले, मग म्हणाले, आजच्या आज नंबर बदल. त्यांचं बरोबर होतं. परीक्षेत मी तेच उत्तर लिहून चांगले मार्क मिळवले. नंबर मात्र बदलला नाही. उलट एखाद्या संध्याकाळी खोलीवर करमेनासं झालं, की धडधाकट चालणारं खातं बंद करून पुन्हा उघडायला बसायचे. फोन करायला तेवढंच निमित्त.

शेवटच्या वर्षी, दिवाळीनंतर, आप्पा गेले. सकाळी मोटर चालू करायला म्हणून विहिरीवर गेले, छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी शिरूरहून निघाले तेव्हा मला त्यांना बरं नाही एवढंच सांगितलं होतं.

दिवसकार्य उरकल्यावर मी खाती माझ्या नंबरवर घ्यायला बसले. वापरात नसलेला नंबर कंपनी बंद करते आणि पुढे कुणा परक्याला देते, हे आम्हाला शिकवलं होतं. माझी सगळी कामं, वेबसाइट, नोकरीचे अर्ज त्या परक्याच्या हातात गेले असते. करणं भाग होतं, आणि हात उचलवत नव्हता. नंबर बदलायचा तरी आधी जुन्याच नंबरवर ओटीपी येतो.

आईने कपाटातून आप्पांचा फोन आणून दिला आणि उंबऱ्याशी बसली. फोन हातात देताना म्हणाली, "उसात रेंज न्हाई ना, म्हनून दिस मावळायला रोज बांधावर जाऊन उभं ऱ्हायचे. म्हनायचे, पोरगी मुद्दाम मागती आकडा, मला कळतंय. मागू दी."

मला हे ठाऊक नव्हतं. दोघंही एकच सोंग करत होतो, आणि कुणीच ते मोडलं नाही. एकदा तरी मोडायला हवं होतं.

मी नंबर बदलायचं बटण दाबलं, तसा त्यांचा फोन वाजला. आकडा आला होता. मी तो एकेक करून मोठ्याने वाचला, मग सगळा पुन्हा म्हटला आणि टाकला. नंबर बदलला.

"मिळाला का?" आईने विचारलं.

मी मान हलवली. पुढचा प्रश्न तिलाही माहीत होता. तिने तोंड उघडलं, पण तो तिच्याने विचारवेना. मी जेवले नव्हते.