चौकटीतला पंखा

शूटिंगमामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. पण गावातल्या निम्म्या लग्नांत ते थेट नवरानवरीच्या नाकासमोर उभे होते, त्यामुळे नातं आपोआप जडलं. खांद्यावर भलामोठा कॅमेरा, एक डोळा मिटलेला आणि दुसरा काचेला चिकटलेला. मामांचा उजवा डोळा नेमका कसा आहे, हे कित्येक वऱ्हाड्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मागे मामी, हातात दिवा घेऊन. तो दिवा असा प्रखर, की जेवणाऱ्याच्या तोंडावर पडला की घास वाटेतच थांबायचा. शूटिंग मामा करतात, असा लोकांचा समज होता. पण दिवा जिकडे जाईल तिकडे कॅमेऱ्याला जावंच लागतं, त्यामुळे खरा कारभार कुणाच्या हातात होता हे सांगायला नको.

मग लोकांच्या खिशाखिशात फोन आले. नवरीची बहीणच शूटिंग करायला लागली, तेही नाचता नाचता. मामांच्या दुकानाचं शटर आधी अर्धं उघडायला लागलं, मग नुसतं वाकून आत जाण्यापुरतं. आत बसून मामा लोकांनी न नेलेल्या कॅसेटी पुसायचे. न नेलेल्या कॅसेटी ही एक वेगळीच जात. कुणाचं लग्न मोडलं म्हणून राहिलेली, कुणी बदली होऊन गेलं म्हणून राहिलेली, तर काही नुसत्याच आळसाने राहिलेल्या. एखादी कॅसेट लावून ते बघत बसायचे आणि घरी येऊन मामींना सांगायचे, "अगं, तो हसरा आचारी होता ना, तो किती बारीक होता तेव्हा." मामी म्हणायच्या, "तेव्हा तुम्हीही होतात."

अशात हायस्कूलच्या मोठ्या बाईंचा फोन आला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट मामांनीच काढलेली, तेव्हा ओळख जुनी. संस्थेच्या वेगवेगळ्या शाळांतल्या मुलांसाठी व्हिडिओ कसा करायचा याचा प्राथमिक वर्ग सुरू करायचा होता. मुलं लांबलांबची, म्हणून वर्ग ऑनलाइन. मामांनी शिकवायचं. अट एकच, सहामाहीपर्यंत दहा मुलं टिकली पाहिजेत, नाहीतर ती वेळ टायपिंगच्या वर्गाला जाणार.

मामांनी वर्गाच्या दिवशी दाढी करायला सुरुवात केली. इस्त्रीचा शर्ट कपाटातून बाहेर आला. सकाळपासून ते घरभर "आज तास आहे" म्हणत हिंडायचे, जणू मुख्यमंत्र्यांचा दौरा आहे. इतक्या दिवसांनी माणूस चहा न मागता उठतोय, हे मामींनी पाहिलं आणि रोज त्यांच्या टेबलाची धूळ पुसायला घेतली.

पण वर्ग काही रंगेना. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभं राहिलेला माणूस एकदम पुढे आल्यावर जे होतं, तेच झालं. एरवी पानाच्या ठेल्यावर तासभर बोलणारे मामा स्क्रीनसमोर बसले की कागद हातात घेऊन "कॅमेरा हे एक यंत्र असून" असं सुरू करायचे. मुलं एकेक करून गळाली. उरली ती बरोबर दहा. त्यात एक घरातही टोपी घालून बसणारा, एक सतत काहीतरी खाणारा, एकीच्या मांडीवर कायम भाऊ. आणि एक मुलगी अशी, की तिच्या चौकटीत ती कधी दिसायचीच नाही. फोन छताकडे करून ठेवलेला, त्यामुळे नुसता पंखा दिसायचा. प्रश्न विचारला की पंख्याखालून स्वच्छ आवाजात उत्तर यायचं, आणि बहुतेक वेळा तेच बरोबर असायचं.

एके दिवशी मामांनी मुलांना काम दिलं. घरातली एक खुर्ची, जवळून, लांबून आणि वरून अशी टिपायची. मुलं कामाला लागली असं समजून मामांनी आवाजाचं बटण दाबलं आणि खुर्चीत मागे रेलले. आता गंमत अशी, की काम सांगून झाल्यावर बोट लागून त्यांचा आवाज आधीच बंद झाला होता. जवळच्या चौकटीबद्दल ते मघापासून जे पोटतिडकीने सांगत होते, त्यातलं अक्षरही कुणाला ऐकू गेलं नव्हतं, आणि कुणी तसं सांगायचे कष्टही घेतले नव्हते. म्हणजे बंद करायला दाबलेल्या बटणाने आवाज चालू झाला.

मामी चहा घेऊन आल्या. "काय हो, चेहरा का पडलाय?"

"भिंतीशी बोलतोय गं मी. भिंत तरी बरी, तिच्यावर पाल असते. ती हलते तरी."

मामींनी मग एका कापडवाल्याच्या मुलीच्या लग्नाची आठवण काढली. त्या लग्नात मामांचं बटण उलटं पडलं होतं. शूटिंग करतोय असं वाटलं तेव्हा कॅमेरा बंद, आणि थांबवलं असं वाटून हात खाली सोडला की चालू. अख्ख्या लग्नाच्या कॅसेटमध्ये सतरंजी, चपला आणि मामांचीच पोटरी. कापडवाल्याने सगळी कॅसेट शांतपणे पाहिली आणि म्हणाला, चपला मात्र झकास आल्यात. दोघं हसून हसून बेजार झाली. मामा खुलले. रडणाऱ्या माणसाला समोरून कधी टिपायचं नाही, बाजूने टिपायचं, आणि सगळे पांगल्यावरही थोडा वेळ तिथेच उभं राहायचं, खरं चित्र तेव्हा मिळतं, असं बरंच काही ते बोलले. तिकडे दहाही मुलं खुर्च्या सोडून कान देऊन ऐकत होती. वर्ग सुरू झाल्यापासून मामा पहिल्यांदाच शिकवत होते, फक्त त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं.

"आणि ती एक पोरगी," मामा म्हणाले, "नुसता पंखा दाखवते. एक पातं वाकलेलं, त्यावर वर्षाची जळमटं. तिचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण पंख्याशी घसट झालीय. रस्त्यात भेटला तर नमस्कार करीन."

"फडकं मारा म्हणावं त्याच्यावर," मामी हसत म्हणाल्या.

चहा संपवून मामांनी पुन्हा बटण दाबलं आणि उत्साहाने बोलायला लागले. खाली टोपीवाल्याचा निरोप उमटला: सर, आता आवाज बंद झाला, मघाशी चालू होता. मामांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. वर पाहिलं तर पंख्याची चौकट काळी झाली होती.

दोन दिवसांनी मोठ्या बाईंचा फोन आला. पंख्याच्या मुलीची आई शाळेत येऊन गेली होती. भांडायला नव्हे, नाव काढून घ्यायला. एकाच खोलीचं घर. आई शिवणकाम करते, वडील रात्रपाळीचे, म्हणून दिवसा तिथेच झोपलेले. जमिनीवर सगळा संसार, म्हणून पोरीने फोन वर केला होता. छत तेवढं सगळ्यांच्या घरी सारखं असतं, असं तिला वाटलं होतं. आता ती वर्गाला बसणार नाही म्हणते. बाई रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "पुढच्या तासाला मी स्वतः येऊन मुलं मोजणार आहे. नऊ असली तर माझा नाइलाज आहे, मामा."

मामा फोन ठेवून बसून राहिले. वर्ग जाणार हे तर होतंच, पण डोळ्यांसमोर येत होती ती जुनी लग्नं. छोट्या घरातलं लग्न असलं की ते आणि मामी आदल्या दिवशी जाऊन यायचे. भिंतीला ओल, पत्र्याला भोक, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. मामी खोलीभर फिरून बोटाने एक जागा दाखवायच्या, इथे. मग तिथे पत्र्याच्या ट्रंकेवर चादर टाकून नवरीला खिडकीशी बसवायचं. वर्षांनी कॅसेट पाहणाऱ्याला घर केवढं होतं हे कळायचंच नाही, पोरगी केवढी सुंदर होती एवढंच कळायचं.

"जन्मभर हेच केलं आपण," मामा म्हणाले. "आणि त्याच घराला हसलो."

"मीही हसले," मामी म्हणाल्या. "एकट्याने मिरवू नका."

गुपचूप फोन करून माफी मागावी, असा मामांचा विचार होता. मामींनी तो हाणून पाडला. सगळ्यांच्या देखत हसलात, तर सगळ्यांच्या देखतच बोला. तेव्हा मामांनी मुलीला एवढाच निरोप धाडला: एका तासापुरती ये. कॅमेरा बंद ठेवलास तरी चालेल. पंख्याला नाही, तुला बोलावतोय.

तासाला नऊ चेहरे आले. मोठ्या बाई आल्या, कॅमेरा बंद करून. आणखी एक चौकट उघडली, तीही काळी. मामांनी कागद हातात घेतला नाही. त्यांनी तास चालायचा तो फोनच उचलला आणि स्वतःच्या खोलीभर फिरवायला लागले. इतके आठवडे मुलांना त्यांच्या मागे एक पांढरी भिंत आणि फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्रक दिसायचं. आता दोरीवरचे बनियन दिसले, तीन पायांचं स्टूल, गळक्या कोपऱ्याखालची बादली, आणि दाराआड पळणाऱ्या मामी. "अहो, हे काय चाललंय तुमचं, दोरीवरचे कपडे तरी काढू द्यायचे," असा दाराआडून आवाज आला. मुलं खदखदली.

"हे माझं घर," मामा म्हणाले. "तुम्ही पाहिलीत ती हातभर भिंत. बाकीचं मी लपवलं. आपल्या धंद्यात लाज म्हणून नाही लपवत, जे दाखवायचं ते नीट दिसावं म्हणून लपवतात. मागच्या वेळी मी एका घराला हसलो. लोकांच्या घरातला एक बरा कोपरा शोधणं हेच माझं काम होतं, आणि हसलो. चुकलं माझं." फोन पुन्हा टेबलावर टेकवून ते पुढे म्हणाले, "प्रत्येक घरात एक तरी जागा असते, जिथे माणूस राजासारखा दिसतो. चला, शोधा."

मुलं उठली. टोपीवाला फडताळाशी गेला, खाणारा खिडकीत जाऊन बसला, अर्थात खात. भाऊ मांडीवरून खाली पडून रडायला लागला. काळी चौकट काळीच होती. मामा तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून तिच्याचकडे बघत होते.

मग ती उजळली. चित्र डगमगत निघालं. पंखा आला आणि गेला, पांघरुणाबाहेर आलेली झोपलेल्या माणसाची पावलं गेली, भांड्यांची मांडणी गेली. मग शिलाई मशीनपाशी येऊन फोन कशाला तरी टेकला. मागे रंगीत रिळांची ओळ, एका बाजूने खिडकीचा उजेड, आणि त्यात ओठ घट्ट मिटलेली, दोन वेण्यांची मुलगी.

मामी दाराआडून कधी बाहेर आल्या, ते मामांना कळलं नाही. त्या त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. "उजेड बघा काय पडलाय," त्या हळूच म्हणाल्या. "मला दिवा धरायला नको इथे."

"सर, इथे चालेल?" मुलीने विचारलं.

मामा स्क्रीनच्या जवळ सरकले. मोठ्या बाईंची मोजदाद केव्हाच झाली असणार, पण त्यांची चौकट अजून तिथेच होती.

"हनुवटी जराशी वर," मामा म्हणाले, नवरीमुलींना म्हणायचे त्याच सुरात. "आणि श्वास घे, कुणी परीक्षा घेत नाहीये."

एवढ्यात बाजूने एक हात चौकटीत आला, बोटात शिवणाचं टोपण घातलेला. मुलीच्या कपाळावरची बट मागे सारून तो लगेच मागे निघाला.

"राहू द्या, ताई," मामा म्हणाले. "हात तसाच राहू द्या. छान दिसतंय."