भिंतीवरून काढलेला तक्ता

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. विद्यार्थ्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

मी ग्राफिक डिझायनर. नाशिक रोडला माझा क्लास आहे. कॉलेजांत मला ‘माझा प्रवास’ सांगायला बोलावतात, आणि मी सुरुवात नेहमी सातपूरच्या वसंत पेंटरांपासून करतो. नव्वदच्या दशकात दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. खडू लावलेला दोरा ताणून भिंतीवर रेघ कशी उठवायची, दोन अक्षरांमधली जागा पट्टीने नव्हे तर डोळ्याने कशी मोजायची — सगळं त्यांनी शिकवलं. काही राखून ठेवलं नाही. इथवर मी सांगतो.

पुढचं?

पुढे मी संगणकावरचं डीटीपी शिकून एका दुकानात ऑपरेटर झालो. शहरात फ्लेक्स आला, रंगवलेले बोर्ड उतरू लागले. एके दिवशी वसंतकाका दुकानात आले. “मलाबी शिकव रे हे. हाताला काम नाय राह्यलं.”

मालक खूश. दुपारी मशीन रिकामंच असतं, म्हणाले. वर माझ्याकडे बोट दाखवून हसत, “पेंटर, तुमच्या हाताला हे मशीन जमलं ना, तर आमचा सुनील घरी बसेल!” सगळे हसले. मीही हसलो.

तेव्हा मराठी मजकूर इंग्रजी कीबोर्डवरच टाइप होई. कोणत्या कळीवर कोणतं अक्षर याचा छापील तक्ता मॉनिटरशेजारी भिंतीला लावलेला असे. मी स्वतः दोन महिने त्यात बघून शिकलो होतो. काका यायच्या आधी — मालक जेवायला घरी गेल्यावर — मी तो तक्ता काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. मालक परतायच्या आत पुन्हा लावला. हे एकदा नाही, आठ दिवस. रोज.

“कुठलं अक्षर कुठं, कळायचं कसं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पाठ करावं लागतं काका.

त्यांनी वही आणली. एकेक कळ दाबून अक्षर शोधायचे आणि वहीत उतरवायचे, बोर्ड रंगवावा तसं रेखीव. पन्नाशीच्या माणसाची ती शिकण्याची भूक पाहून मला काय वाटायला हवं होतं? मला भीती वाटली. पण काही जोडाक्षरांना कळच नव्हती, आकड्यांचे कोड होते. ते फक्त तक्त्यावर.

आठव्या दिवशी ते स्वतःचं नाव टाइप करत होते. वसंत झालं. आडनाव क्षीरसागर. क्ष काही येईना. अर्धा तास ते कळा दाबत राहिले. मला तो कोड पाठ होता. मी शेजारच्या स्टुलावर बसलो होतो.

नवव्या दिवशी ते आले नाहीत. सातपूरच्या एका कारखान्यात ड्रमांवर आकडे कापलेली स्टेन्सिल ठेवून नंबर मारायच्या कामाला लागले. आयुष्यात कधी स्टेन्सिल न वापरलेला माणूस.

काही वर्षांनी मी क्लास काढला. नारळ फोडायला त्यांनाच बोलावलं — न बोलावून कसं चाललं असतं? त्यांनी माईक घेतला. “लय जीव लावून शिकवलं यानं मला. माझंच डोकं चाललं नाय.” मी वाकून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता ते वाक्य माझ्या भाषणात आहे. शिकायला वय नसतं, असं सांगताना मी ते जोडतो. एकदा गाळून पाहिलं, तर आयोजकांनीच आठवण करून दिली — सर, ते पेंटरांचं राहिलं. मी सांगितलं.

काका अजून सातपूरला राहतात. रस्त्यात दिसले की ओळखीच्यांना थांबवून माझी ओळख करून देतात, “माझा मास्तर” म्हणून.

क्लासच्या उद्घाटनाला त्यांनी ती वही मला दिली होती. पोरांना उपयोगी पडेल, म्हणाले. ती माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. सगळी अक्षरं ओळीने मांडलेली, प्रत्येकासमोर त्याची कळ. शेवटच्या पानावर क्ष काढलेला आहे, ठसठशीत, दुहेरी रेषेत. त्याच्यासमोर जागा सोडलेली आहे.