रुस्तमचा बुरूस

महिपत चपराश्याला वाघाची भीती वाटत नसे, कारण वाघ त्याने कधी पाहिलाच नव्हता. रुस्तमला मात्र तो रोज पाहत असे.

निजामाच्या राज्यात जमिनीच्या मोजणीसाठी एक साहेब आदिलाबादकडे आले, तेव्हाची ही गोष्ट. बोथहून गुडीहत्नूरकडे जाणाऱ्या वाटेवर, गावाबाहेरच्या बंगल्यात जाफर साहेबांनी मुक्काम ठोकला. त्यांच्याबरोबर एक पेटी पुस्तकं, एक खानसामा आणि हैदराबादेहून आणलेला रुस्तम. रुस्तम म्हणजे गुळाच्या रंगाचा, लोंबत्या कानांचा, पोटाखाली केसांची झालर असलेला मोठा थोरला कुत्रा. गावातल्या बायका आधी त्याला मेंढाच समजल्या.

बंगल्यावरचा चपराशी म्हणून महिपतला पहिल्याच दिवशी हुकूम झाला. साहेबांनी त्याच्या हातात लाकडी मुठीचा ब्रश ठेवला आणि सांगितलं, "रोज सुबह आधा घंटा. बेगमसाहिबा की जान है इस कुत्ते में."

महिपतने लवून सलाम केला. ब्रश घेऊन तो पडवीत गेला. रुस्तमने ब्रशाकडे पाहिलं, मग महिपतकडे, आणि वरचा ओठ जरासा उचलून आतले दात दाखवले. पुढच्या क्षणाला महिपत पडवीतल्या टेबलावर उभा होता. आपण चढलो कधी हे त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही.

खरं तर रुस्तमचा काही दोष नव्हता. हैदराबादेत एक नोकर त्याला खांबाला बांधून केसांच्या गाठी ओढून काढायचा. तेव्हापासून ब्रश दिसला की त्याचं डोकं फिरे. पण हे खानसाम्याने महिपतला फार उशिरा सांगितलं.

हुकूम तर पाळायलाच हवा होता. महिपतने विचार केला आणि त्याला शेजारच्या सोनाबाईची शेळी आठवली. तांबूस, अगदी रुस्तमच्याच रंगाची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ब्रश घेऊन सोनाबाईच्या गोठ्यात शिरला. शेळीला ते इतकं आवडलं, की ती डोळे मिटून त्याच्या मांडीवर मान टाकून उभी राहिली. अर्ध्या तासाने केसांनी भरलेला ब्रश साहेबांच्या टेबलावर गेला.

साहेबांची नजर अधू, चष्मा जाड. "वा महिपत, वा!" ते म्हणाले.

दोन महिने हे चाललं. साहेबांनी खूश होऊन त्याला आपला जुना कोट दिला. सोनाबाईची शेळी अशी चकाकायला लागली, की बाजारातले लोक विचारत, "काय खाऊ घालता बाई हिले?" रुस्तम मात्र रानात हिंडून अंगभर गोखरू आणि कुसळं घेऊन येई आणि हळूहळू काथ्याच्या पायपुसण्यासारखा दिसू लागला. साहेबांना वाटे, या जातीचे कुत्रे वाढत्या वयात असेच दिसत असतील.

मग सोनाबाईची लेक बोथला बाळंत झाली आणि बाळाच्या दुधासाठी तांबडी शेळी तिकडे गेली. गोठ्यात उरली ती पांढरी.

महिपत रात्रभर तळमळला नाही की काही नाही. त्याने बेधडक पांढरी शेळी विंचरली आणि ब्रश नेऊन ठेवला.

साहेबांनी ब्रशातला एक केस उचलून खिडकीच्या उजेडात धरला. त्यांचा चेहरा उतरला. "अरे, हमारा रुस्तम बुढ्ढा हो रहा है?" त्यांनी तातडीने आदिलाबादेहून जनावरांच्या डॉक्टरला, म्हणजे सलोतऱ्याला बोलावलं.

सलोतरी आला. त्याने रुस्तमच्या कानामागे हात घातला आणि त्याच्या बोटांना लिंबाएवढी गाठ लागली. त्याने ती जराशी ओढली. रुस्तमने त्याची टोपी काढून घेतली आणि तिचे दोन भाग केले. मग सलोतऱ्याने ब्रशातले केस हुंगले आणि म्हणाला, "जनाब, ये तो बकरी के बाल हैं."

खानसामा एकदम भांडी घासायला लागला.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "महिपत, चाळीस दिन में बेगमसाहिबा आ रही हैं. रुस्तम ऐसा ही रहा, तो तुम उटनूर के जंगल नाके पर."

उटनूरचा नाका म्हणजे हिवताप आणि एकटेपण. महिपत घरी येऊन ओसरीवर बसला. बायको शकुबाई म्हैस पिळून येत होती. सगळी कथा ऐकून ती आधी पोट धरून हसली. एवढी, की चरवीतलं दूध सांडलं.

"हसून काऊन राह्यली? मी उटनूरले जाऊन राह्यलो!"

"अजी, तुमी शेळीले दोन महिने बुरूस केला. तिनं लाथ मारली?"

"नाई."

"मंग हात तुमचा वाईट नाई. घाई वाईट हाय." शकुबाई म्हशींच्या घरातली. तिने चरवी खाली ठेवली. "पह्यल्यांदा व्यालेली म्हैस कोणी पह्यल्या दिवशी पिळते का? नुस्तं जवळ बसाचं. मंग पाठीवर हात. ती हलली का आपण थांबाचं. थांबलो का तिले कळते, ह्यो माणूस ऐकते."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः बंगल्यावर आली. हातात पितळी वाटी आणि वाटीत दुधाच्या पातेल्याच्या तळाची खरवड, तपकिरी, खमंग. ही खरवड महिपतचा जीव की प्राण. ती कुत्र्यापुढे जाताना पाहून त्याला उटनूर परवडलं असं वाटलं.

पहिले चार दिवस ब्रश नुसता जमिनीवर. रुस्तमने त्याच्याकडे पाहिलं, की खरवडीचा तुकडा. हुंगलं, की दोन. महिपत तीन हात लांब बसून, टेबल किती जवळ आहे याचा अंदाज ठेवून. पाचव्या दिवशी ब्रश हातात, पण उलटा. लाकडी पाठीने खांद्यावर एकदाच, आणि लगेच तुकडा. रुस्तम गोंधळला. बहुतेक त्याला वाटलं, हा माणूस वेडा झाला आहे, पण तुकडे चांगले देतो.

"अजून एकदा करू का?" महिपतने उत्साहाने विचारलं.

"आज नाई. त्याले पाह्यजे असते तवाच थांबाचं."

गाठी मात्र ब्रशने निघणाऱ्या नव्हत्या. त्या शकुबाईने लुगडं फाडायच्या कात्रीने, एका बैठकीला एकच, अशा कापून काढल्या. रोज एक गाठ आणि रोज मूठभर गोखरू. पंधराव्या दिवशी ब्रशाचे दात पहिल्यांदा रुस्तमच्या पाठीवरून फिरले. त्याची कातडी थरथरली, पण तो उठला नाही.

मग विसाव्या दिवशी महिपतने घोळ घातला. शकुबाई गुडीहत्नूरच्या बाजाराला गेली होती. वाटी महिपतच्या हातात, बंगला रिकामा. एक तुकडा त्याने चवीपुरता खाल्ला. दुसरा पहिल्याची खात्री करायला. तिसऱ्यानंतर वाटीत काही उरलंच नाही. "आज तुले सवय झाली ना रे? आज फुकट," असं म्हणून त्याने ब्रश टेकवला.

रुस्तमने वाटी हुंगली. मग महिपतचं तोंड हुंगलं, सावकाश, दोन्ही बाजूंनी. मग त्याच्या हातातला ब्रश दातांनी अलगद काढून घेतला, आवारातल्या निंबाखाली गेला आणि खड्डा करून पुरला.

शकुबाईने परत आल्यावर नवऱ्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "मिशीले काय लागलं?"

पुन्हा पहिल्यापासून. निंबाखालून उकरलेला ब्रश पुन्हा जमिनीवर. पण या वेळी चार दिवसांचं काम दीड दिवसात झालं, कारण रुस्तमला रस्ता ठाऊक होता. महिपतलाही आता नवीन गोष्टी कळायला लागल्या. रुस्तमने ओठ चाटले की पुरे. शेपटीकडे जायचं तर आधी मांडीला हात लावून सांगायचं. पोटाखालची झालर उन्हात पहुडलेला असतानाच. एके सकाळी महिपत पडवीत आला तर रुस्तम आधीच आडवा होऊन वाट पाहत होता. महिपत ब्रश न उचलताच थोडा वेळ त्याच्या शेजारी बसला. त्याने ते कोणाला सांगितलं नाही, शकुबाईलाही नाही.

चाळिसाव्या दिवशी बेगमसाहिबांची मोटार आली. रुस्तम मधाच्या धारेसारखा चमकत पायऱ्या उतरला. बेगमसाहिबांनी आनंदाने ब्रश उचलला आणि थेट शेपटीला लावला. रुस्तमचा ओठ वर गेला.

महिपतने साहेबांकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या घरच्या माणसाला अडवलं. "हुजूर, वहाँ से नाई. पहले मांडी पर हाथ रखो. उसको पूछो."

बेगमसाहिबा थांबल्या. मग त्यांनी ब्रश खाली ठेवला, मांडीवर हात ठेवला आणि विचारलं, "ऐसे?"

"जी. अब वो सिर नीचे रखा तो करना."

रुस्तमने डोकं खाली टेकवलं. साहेब चष्मा पुसत आत निघून गेले. उटनूरचं नाव पुन्हा निघालं नाही.

वर्षभराने मोजणी संपली आणि रुस्तम हैदराबादेला गेला. महिपत त्याच बंगल्यावर राहिला, पण त्याचं नाव पंचक्रोशीत झालं. कोणाची गाय लाथ मारे, कोणाचा बैल जू पाहून पळे, सगळे त्याच्याकडे येत. तो गंभीर चेहऱ्याने ऐकून घेई, मग आत जाऊन शकुबाईला विचारी आणि बाहेर येऊन स्वतःचं म्हणून सांगे. शकुबाई दाराआडून ऐकत असे आणि काही बोलत नसे.

एकदाच तिला न विचारता तो बोथच्या बाबारावांच्या घोड्याकडे गेला. त्यानंतर आठ दिवस लंगडत होता. लोकांनी विचारलं तर सांगे, विहिरीच्या पायरीवर पाय घसरला.