बंडू फुलवाल्याचा बोजारा

बंडूला दारू नाही, पत्ते नाहीत, बाईचा नाद तर नाहीच नाही. असता तर बरं झालं असतं, असं त्याची बायको वर्षाली चिडली की म्हणायची. निदान लोकांना सांगायला कारण तरी सापडलं असतं. बंडूला व्यसन होतं ते एका शब्दाचं. "आलोच." घरून फोन आला की आलोच, गिऱ्हाईकानं हाक मारली की आलोच. आणि राजेहो, गंमत अशी, की आलोच म्हटलं म्हणजे आपण पोचलोच, असं त्याला स्वतःला अगदी मनापासून वाटायचं. त्यामुळं गडी कायम निवांत.

अकोल्याला जठारपेठेत त्याचं फुलांचं दुकान. जगाला सण असतो तेव्हा फुलवाल्याला मरणाची घाई असते. दसरा असो, दिवाळी असो, बंडू झेंडूच्या ढिगात. मुलगी चंदा शाळेच्या नाचात फुलपाखरू झाली, तेव्हा हा बाप धापा टाकत पोचला आणि बघतो तर फुलपाखरू पंख काढून आईच्या मांडीवर झोपलेलं. शेवटी वर्षालीनं बॅग भरली आणि पोरीला घेऊन अमरावतीला, राजापेठेत आईकडं निघून गेली. भांडली नाही, रडली नाही. "तुमी वाईट नाई हो," एवढंच म्हणाली, "पन पोरगी दाराकडं पायत बसते, ते मले पायवत नाई." त्यावर बंडू काय म्हणाला असेल? "मी रविवारी आलोच." आता काय म्हणावं या माणसाला!

असे पुष्कळ रविवार गेले. मागच्या वर्षी तर त्यानं कहरच केला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं लेकरांचा तान्हा पोळा असतो. लाकडाचा बैल सजवायचा, दोरीनं ओढत दारोदार न्यायचा. घरची बाई बैलाच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते आणि लेकराच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे. दारी आलेला बैल कोणी परत लावत नाही. तर बंडूनं पोरीला फोनवर सांगितलं, बैल घेऊन येतो. चंदानं ते गल्लीभर सांगितलं. बाप काही आला नाही. शेजारच्या अंकुरच्या बैलाची शेपटी धरून पोरगी सगळ्यांच्या मागून चालली.

या वर्षी पोळ्याच्या आधी वर्षालीचा फोन आला. "तिले काईच सांगू नका. न सांगता येनं झालं तं या. अन् या टायमाले नाई आले, तं मंग कधीच येऊ नका. पप्पा लय दूर कामाले गेले, असं सांगीन मी तिले. पोरगी एकदाच रडन अन् मोकळी होईल."

बंडूच्या तोंडाशी आलेला शब्द पहिल्यांदाच तोंडातच राहिला.

तो तडक महादेवराव सुताराकडं गेला. म्हणाला, "मोठ्ठा बैल पायजे." केवढा, असं महादेवरावांनी विचारलं, तर पुन्हा "मोठ्ठा!" महादेवरावांनी ते भलतंच मनावर घेतलं. ठरल्या दिवशी बंडू बघतो तर काय, बैल त्याच्या कमरेला लागतोय! खाली लोखंडी चाकं, वर हातभर शिंगं.

"अहो, हे काय करून ठेवलं?"

"तूच तं म्हनला मोठ्ठा. आता घेऊन जा, माह्या दुकानात पाय ठेवाले जागा नाई!"

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बंडूनं त्या बैलाला दुकानातली सगळी शेवंती चढवली, धाकट्या भावाला, शेखरला, दुकान सोपवलं आणि अमरावतीच्या यष्टीपाशी जाऊन उभा राहिला. कंडक्टरबाईनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. आधी बैलाला, मग बंडूला.

"हे काय हाये?"

"बैल."

"ते दिसून राहिलं मले. याचं लगेजचं तिकीट लागन."

"ताई, लाकडाचा हाये हो."

"जित्ता असता तं चढूच देला नसता!"

चौघांनी हात लावला आणि बैल मागच्या सीटपुढं जाऊन उभा राहिला. एक शिंग खिडकीबाहेर, दुसरं एका मास्तरांच्या कानाशी. गाडी हलली की मास्तर मान वाकडी करायचे. गोदाबाई नावाची एक म्हातारी पुढं बसली होती, ती उठून आली, पिशवीतून कुंकू काढलं, बैलाच्या कपाळाला लावलं आणि बंडूच्या हातावर पेरू ठेवला. "सनावाराचा बैल समोर उभा हाये. बोजारा देल्याबिगर मी कशी बसू बाप्पा?" झालं! मग सगळ्या गाडीलाच ऊत आला. कोणी केळी दिली, कोणी चिवडा, एकानं तर चुन्याची डबी पुढं केली. बंडूला असा काही आनंद चढला की त्यानं आपली सगळी कहाणी, वर्षालीच्या फोनसकट, त्या गाडीला सांगून टाकली. बायांनी डोळ्यांना पदर लावले. मास्तर म्हणाले, "आज पोचाच बुवा."

आणि मूर्तिजापूरच्या अलीकडं बंडूचा फोन वाजला. शेखर होता, घाबराघुबरा. "दादा, पुढाऱ्याचा सत्कार निंघाला! हारच हार पायजे, अन् एक तं पुरुषभर उंच. माह्यानं नाई होत. तू मूर्तिजापुरातून वापस फिर."

"हो हो," बंडू म्हणाला, "आलोच."

फोन खिशात गेला आणि त्याच्या लक्षात आलं की सगळी गाडी आपल्याकडं बघतेय.

"कुठी आलोच?" गोदाबाईनं विचारलं.

"नाई... म्हंजे ते आपलं असंच, तोंडातून..."

कंडक्टरबाईनं घंटीच्या दोरीला हात घातला. "उतरता का भाऊ? गाडी थांबवू?"

इतकी वर्षं बंडूला वाटायचं, आपण काही कोणाला फसवत नाही. फसवत नव्हताच. दोन्हीकडं खऱ्या मनानं आलोच म्हणायचा, आणि जायचा एकीकडं. पण ती एक बाजू आजवर कधी चंदाची नव्हती. कधीच नव्हती! हे त्याला त्या हलत्या गाडीत, पेरू हातात धरून कळलं, आणि इतकी लाज वाटली की बैलाच्या आड लपावंसं वाटलं.

त्यानं फोन काढला. "शेखर, मी येत नाई."

"मंग कवा येतं?"

"आज येतच नाई. हार तू गुंफ."

"दादा, तुही तब्येत बरी हाये ना?" शेखर विचारत होता, पण गाडीत टाळ्या पडत होत्या, काही ऐकू येईना. कंडक्टरबाईनं घंटी दोनदा मारली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "चाला, बैलाले उशीर होते!"

अमरावतीला उतरून बंडू बैल ओढत निघाला. राजापेठेच्या गर्दीत लोखंडी चाकांचा असा खडखडाट, की ट्यूशनची पोरं क्लास सोडून गॅलरीत आली. छोटे छोटे बैल घेऊन फिरणारी लेकरं मागं लागली. स्कूटीवाले हॉर्न वाजवत होते, बंडू त्यांना हात जोडत होता, हसत होता, फुलं सांडत होता. अशी सगळी वरात सासरच्या दारात येऊन थांबली.

सासूबाई, रुख्मिणीबाई, आवाज ऐकून पाण्याचा लोटा घेऊनच बाहेर आल्या. खाली बघून बैलाचे पाय धुतले, कुंकू लावलं, मग मान वर केली. "आता वं माय! जवाईबापू!" लोटा हातातून पडला.

वर्षाली दारात आली आणि तिच्यामागून चंदा. पोरगी धावत आली नाही. आली, बैलाभोवती एक चक्कर मारली, शिंगाला हात लावून पाहिला.

"हा माहा हाये?"

"तुहाच, बेटा."

"ठेवाले आनला?"

"हो."

"अन् तू?"

बंडूनं बैलाची दोरी तिच्या हातात ठेवली. गल्ली बघत होती. वर्षालीनं पोरीला जवळ घेतलं.

"बोजारा पायजे ना तुमाले?" ती बंडूला म्हणाली. आवाज कडक होता. "मंग घ्या. उद्यापासून हिले शाळेत सोडून द्या. सकाळी सात. हप्ताभर करून दाखवा, मंग पुढचं पाहू."

"सात," बंडू म्हणाला. आणि इतका खूश झाला की स्वतःच्याच बैलाच्या पाया पडला. पोरं खो खो हसली, चंदासुद्धा हसली.

रात्री तो बडनेऱ्याला मावसभावाकडं थांबला आणि सकाळी कोणी उठायच्या आत निघाला. सातच्या आधीच राजापेठेत पोचला, तेव्हा दार उघडंच होतं. चंदा दप्तर पाठीवर घेऊन पायरीवर बसली होती. तिच्यामागं वर्षाली उभी होती, तोंडाला ओढणी बांधलेली, चपला घातलेल्या, हातात स्कूटीची किल्ली.

बंडूनं ती किल्ली पाहिली. वर्षालीनंही पाहिलं, की त्यानं पाहिली. मग तिनं ओढणी सोडली, किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "डबा दप्तरात हाये. रोडच्या बाजूनं तुमी चाला."